वर केस, खाली पाय

या, असे जवळ सरका. मागे भिंतीला टेकून बसलात ते तुम्हीसुद्धा या पुढे. गोष्ट लांबून ऐकली की नुसता आवाज पोचतो, अर्थ वाटेतच सांडतो. आज राजाची गोष्ट नाही, राक्षसाची नाही. आज पायांची गोष्ट सांगतो. हसू नका हं! देवाच्या दारापर्यंत आपल्याला कोण नेतं? डोकं नेत नाही, ते तर निम्म्या वाटेत शंका काढतं. पायच नेतात बिचारे, आणि आत जाताना त्यांनाच पायरीशी थांबवून आपण डोकं पुढे करतो. तर त्या पायांची गोष्ट ऐका. हिच्यात एक चूक आहे, एक म्हातारी आहे आणि शेवटी भरपूर पाणी आहे.

एका गल्लीच्या टोकाला एक दुकान होतं. पुढचं दार रस्त्यावर उघडायचं, मागचं बोळात. पुढे नवरा केस कापायचा, मागे बायको पाय बघायची. पाय बघायची म्हणजे रीतसर शिकून आलेली होती. कुरूप काढणं, टाचेच्या भेगा भरणं, आत घुसलेलं नख सोडवणं, चिखल्या झाल्या तर बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायला शिकवणं, सगळं तिच्या हातात होतं. लोक तिला पाऊलताई म्हणायचे. पाटीवर लिहिलं होतं, ‘वर केस, खाली पाय’. त्यावर गल्लीतली टवाळ मंडळी म्हणायची, “आणि मधलं सगळं देवावर!”

मधलं खरोखरच देवावर होतं, कारण मध्ये सासूबाई बसायच्या. पुढच्या आणि मागच्या खोलीमध्ये एक चिंचोळी जागा होती. तिथे शेगडी, किटली, कपांची फळी आणि सासूबाईंचं स्टूल. दोन्ही बाजूंच्या फळकुटांच्या आडभिंतींना एकेक खिडकी. डावीकडच्या खिडकीतून केसांच्या गिऱ्हाइकाला चहा, उजवीकडच्या खिडकीतून पायांच्या. चहा उकळता उकळता म्हातारी देवाची गाणी म्हणायची. चाल जुनी असायची, शब्द बरेचदा स्वतःचे. देव काही शब्द मोजत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

या घराचा एक नियम होता, आणि नियम चांगला होता. गिऱ्हाइकाचं नाव दुकानाचा उंबरा ओलांडून घरात यायचं नाही. कुणाच्या टकलाची गोष्ट, कुणाच्या टाचेची गोष्ट चवीनं सांगितली की माणूस उघडा पडतो. म्हणून नवरा-बायको जेवताना बोलायचे ते कोंड्याबद्दल, भोवऱ्याबद्दल, भेगांबद्दल. माणसाबद्दल कधी नाही. चांगल्या नियमालाही एखादी फट असते. ती कुठे होती ते आता बघा.

पाऊलताईकडे गेल्या हिवाळ्यापासून एक गिऱ्हाईक येत होतं. पोहायच्या तलावावरचे शिक्षक. त्यांना सगळे पाणबुडे मास्तर म्हणायचे. त्या भागातली निम्मी प्रजा त्यांच्या हाताखाली पाण्यावर तरंगायला शिकली होती. मास्तरांच्या तळव्यांवर लाल चट्टे उठले होते आणि त्यांवर पांढुरके जाड पापुद्रे. ताईनं भिंगाचा दिवा खाली ओढला, बघितलं आणि मनात म्हणाली, पोहणारा माणूस, ओली जमीन, ओले पाय. आणखी काय असणार? बुरशी!

तलावाच्या समितीचा रिवाज होता की कुणाच्या पायाला काही झालं तर पाऊलताईंचा शब्द घ्यायचा. ताईनं शब्द दिला. “बुरशी आहे. बरी होईपर्यंत पाण्यात उतरू नका, मास्तर. पोरं आहेत तिथे.”

“बरोबर आहे,” मास्तर म्हणाले. भांडले नाहीत की रागावले नाहीत. त्यांच्या जागी तात्पुरता एक तगडा तरुण शिक्षक आला. उन्हाळ्याचे वर्ग सुरू होईपर्यंत मास्तरांचे पाय बरे झाले नाहीत, तर तोच कायमचा, असं ठरलं. मास्तर पाण्याबाहेर बाकावर बसू लागले. माशाला फळीवर ठेवून म्हणावं, जरा वारा खा, तसं.

आता ताईचं काम सुरू झालं. मलम दिलं. पापुद्रे जाड, म्हणून पात्यानं हलके हलके तासले, वरून कानस फिरवली. कामात ती कुणाला हार जाणारी नव्हती. मास्तर जायला उठले की पाय लोण्यासारखे दिसत. आणि पुढच्या खेपेला बघावं तर चट्टे पहिल्यापेक्षा रुंद! जिथे कानस जास्त फिरली होती, तिथेच नवा चट्टा हजर. पापुद्रा निघाला की खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसायचे. ताई म्हणायची, “मास्तर, घरी घासता की नाही?”

“घासतो ना. दगडानं.”

“आणखी घासा.”

काय सल्ला! देवानं त्या वेळी कानावर हात ठेवले असतील.

शिवाय एक बोट सुजलं होतं, शेंगेसारखं, मुळापासून टोकापर्यंत. ताई म्हणाली बूट चावला असेल. मास्तर म्हणाले, “सकाळी उठल्यावर फार आखडतं. मग चालता चालता सुटतं.” ताईनं मान हलवली आणि पुन्हा भिंगात डोळा घातला.

दुपारी दुकान बंद करून तिघं जेवायला बसली की दोघांचं गाऱ्हाणं सुरू.

“अहो, अशी हट्टी बुरशी जन्मात पाहिली नाही,” ताई म्हणायची. “घासली की दुप्पट होते.”

“तुझी बुरशी काहीच नाही,” नवरा भाकरी मोडत म्हणायचा. “माझ्याकडे एक कोंडा आहे. कोंडा कसला, खवले! कपाळाच्या कडेला, कानांमागे. धुतला, तेल लावलं, बारीक कंगव्यानं खरवडला. पुढच्या वेळी बघतो तर पुन्हा ठाण मांडून बसलेला.”

“माझीच जास्त हट्टी.”

“माझाच!”

“जेवताना बुरशी आणि कोंडा!” सासूबाई कपाळावर हात मारायच्या. “आमटीत मीठ पडलेलं नाही, ते कुणी सांगणार आहे का?”

असे दिवस गेले. ऊन वाढलं. तलावाच्या भिंतीला नवा निळा रंग लागला. उन्हाळ्याचे वर्ग महिना-दीड महिन्यावर आले आणि मास्तरांचे पाय होते तसेच. खरं सांगायचं तर होते त्याहून वाईट. एकदा ते ताईला म्हणाले, “ताई, घरी मी टॉवेल वेगळा केलाय. चटई वेगळी. नात धावत येते, तर तिला लांबूनच टाटा करतो. ते एक बरं नाही वाटत. बाकी चाललंय.”

 त्या दुपारी ताई जेवायला बसली, पण घास फिरत राहिला.

“काय झालं?” नवऱ्यानं विचारलं.

“काही नाही हो. ते माझं बुरशीवालं माणूस. बिचारं कधी तक्रार करत नाही. भर उन्हात कानटोपी घालून येतं. घामानं निथळतं, पण टोपी काढत नाही. डोक्याला वारा लागतो म्हणे.”

“उन्हात टोपी?” नवरा हसला. “माझं कोंडावालं तर उन्हात लोकरीचे मोजे घालून येतं. म्हटलं, काढा की जरा, पाय मोकळे करा. तर पाय खुर्चीखाली ओढून घेतं, जसं काही मी चोरणारच आहे.”

सासूबाईंचा डाव आमटीत होता. तो तिथेच थांबला.

“बिनदुधाचा,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“बिनदुधाचा, साखर जास्त, आलं नको. अरे, डाव्या खिडकीतून तोच कप जातो आणि उजव्या खिडकीतूनही तोच! पुढच्या दारानं येतो तेव्हा मोजे, मागच्या दारानं येतो तेव्हा टोपी. मी म्हटलं, माणूस हौशी आहे.” म्हातारीनं एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा लेकाकडे. “तुम्ही दोघं इतके दिवस एकाच माणसावरून भांडताय, आणि तुम्हाला ठाऊक नाही?”

ताईनं हातातला घास ताटात ठेवला.

ताईच्या डोळ्यांसमोर शिकतानाचा वर्ग उभा राहिला. बाई फळ्याशी उभ्या राहून म्हणायच्या, “पाय बघायला शिका, पण पायाशी थांबू नका. तळव्यावर चट्टा दिसला की कोपर बघा, गुडघा बघा, डोकं बघा, नखं बघा.” तेव्हा तिनं ते पाठ केलं होतं. मग परीक्षा झाली, दुकान निघालं, मागची खोली झाली आणि मान कायमची खाली वाकली. टोपीखाली काय आहे, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. टोपी तिच्या हद्दीत नव्हती ना!

आणि एकेक खूण आता तिला टोचू लागली. बुरशी बहुधा एका पायावर जास्त, दुसऱ्यावर कमी असते. मास्तरांचे चट्टे दोन्ही तळव्यांवर आरशात पाहिल्यासारखे सारखे. बोटांच्या बेचक्या स्वच्छ. इतकं मलम जिरलं, पण फरक शून्य. घासावं तिथे नवा चट्टा. “अगं बाई,” ती म्हणाली, “मीच पाणी घालून वाढवलं की हो ते!”

“घासून वाढवलंस,” नवरा म्हणाला. मग तिचा चेहरा बघून लगेच म्हणाला, “मीही खरवडलंच. चल, बोलावू त्यांना.”

मास्तर आले. कुठल्या दारानं यावं हे त्यांना कळेना, तेव्हा सासूबाई ओरडल्या, “पुढून ये आणि मागून येणाऱ्यालाही घेऊन ये!” पुढच्या मोठ्या खुर्चीत त्यांना बसवलं. टोपी आणि मोजे दोन्ही एकाच वेळी काढायला सांगितल्यावर मास्तर असे लाजले, की जसं काही भर बाजारात धोतर सुटलं.

मग नवऱ्यानं वरून सुरुवात केली, ताईनं खालून. तो म्हणाला, “कानांमागे आहे.” ती म्हणाली, “गुडघ्यावर आहे.” तो म्हणाला, “मानेवर नाही.” ती म्हणाली, “हाताची नखं बघा हो, शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक खळगे आहेत.” असं करता करता दोघांची गाठ पडली ती मास्तरांच्या कोपरावर. तिथे तोच लाल चट्टा, तोच रुपेरी पापुद्रा, कडा आखून काढल्यासारखी.

“हे कधीपासून?” ताईनं विचारलं.

“कोपर होय? ते जुनंच आहे. पण कोपर काय, तुम्ही पाय बघता. म्हटलं, कोपराचं तुम्हाला कशाला सांगायचं?”

ताई त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. “मास्तर, ऐका. माझं चुकलं. ही बुरशी नाही असं मला वाटतंय. सोरायसिस असावा. त्यात कातडी आतूनच पेटल्यासारखी होते आणि फार घाईनं वाढते, म्हणून थर चढतात. पण पक्कं सांगणं माझं काम नाही. उद्या आपण त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. मी बरोबर येते.”

मास्तरांनी औषध विचारलं नाही, पथ्य विचारलं नाही. त्यांनी एकच विचारलं.

“म्हणजे हे लागतं का कुणाला?”

“सोरायसिस असला तर नाही. हात धरला तरी नाही, टॉवेल वापरला तरी नाही, पाण्यातून तर नाहीच.”

मास्तर खिडकीकडे तोंड करून बसले. सासूबाईंनी त्या दिवशी कपात साखर आणखी जास्त घातली आणि कपाबरोबर स्वतःच बाहेर आल्या.

डॉक्टरीणबाई हसऱ्या होत्या, पण कामात पक्क्या. त्यांनी चट्ट्यावरचा पापुद्रा हळूच काढून काचेवर घेतला, तपासला, डोकं आणि नखं पाहिली, सुजलेलं बोट दाबलं. बुरशीचा मागमूस नव्हता. सोरायसिसच होता. आणि बोटाकडे बघून त्या म्हणाल्या, “हा आजार कधी कधी सांध्यांतही शिरतो. सकाळी आखडतं म्हणालात ना? सांध्यांच्या डॉक्टरांनाही दाखवू या. वेळेवर आलात. बोट वाकडं होऊन बसलं असतं, मग पाण्यात लाथ कशी मारली असती?” मग ताईकडे वळल्या. “पातं बंद. कानस बंद. दगड तर नदीत टाका. मलम मी देते, ते मी सांगेन तसंच, मनानं थांबवायचं नाही. नखं, बुटांचा दाब, कातडी मऊ ठेवणं हे तुम्ही सांभाळा. आणि पुन्हा असं काही दिसलं तर घासायच्या आधी पाठवा.”

“घासायच्या आधी,” ताईनं मनाशी गाठ मारली.

काही आठवड्यांत चट्टे फिके पडले, पापुद्रे पातळ झाले. पूर्ण गेले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की हा पाहुणा मुक्कामाला येतो, जातो, पुन्हा येतो. पण मास्तर चालू लागले ते मोकळे. घरी टॉवेल पुन्हा एका दोरीवर वाळू लागले.

उरला तो तलाव. वर्ग सुरू व्हायच्या दिवशी सकाळी काठावर समिती बसली होती, आयांची रांग होती, पोरं हातांचे पंख करून फडफडवत होती. समितीच्या अध्यक्षीणबाई म्हणजे ताईचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या टाचा ताईच्या हातांनीच मऊ राहत. ताई मास्तरांना घेऊन सरळ त्यांच्यापुढे उभी राहिली, आणि डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

“अहो, पण बुरशी तुम्हीच म्हणाला होतात!” अध्यक्षीणबाई म्हणाल्या. “आता म्हणता नाही. तुमचा शब्द म्हणजे काय हवामानाचा अंदाज आहे? सकाळी ऊन, संध्याकाळी छत्री?”

रांगेत खसखस पिकली. ताईचे कान तापले. तिला वाटलं, उद्यापासून मागच्या दारानं कोण येणार? पण मास्तर शेजारी उभे होते, अनवाणी, सगळ्यांच्या नजरा पायांवर घेऊन. आणि ते पाय तिच्याच शब्दानं कोरडे पडले होते.

“चुकले, बाई,” ती मोठ्यानं म्हणाली. “मी पाय बघितले आणि माणूस बघायचा राहिला. चूक माझी, आणि शिक्षा मास्तर भोगताहेत. ते बरोबर नाही.”

“चूक कबूल केलीत ते चांगलंच. डॉक्टरांवर माझा विश्वासही आहे,” अध्यक्षीणबाई जरा नरमल्या. “पण या आयांना कोण पटवणार? पोरांना पाण्यात सोडायला हात धजत नाही हो. पहिलं कोण उतरणार?”

 एका आईनं मुलाला मागे ओढलं. तगडा तरुण शिक्षक शिट्टी हातात घेऊन उगाच आकाशाकडे बघत राहिला.

आता एक सांगायचं राहिलं. आपल्या पाऊलताईला पाण्याची भयंकर भीती. गिऱ्हाइकांच्या पायांसाठी घमेली भरून भरून आयुष्य गेलं, पण कोपराच्या वर पाणी कधी गेलं नव्हतं. आंघोळीला बादली अर्धीच भरायची, उगाच बुडायला नको. त्या पाऊलताईनं चपला काढल्या, पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि मास्तरांपुढे हात केला.

“धरा, मास्तर. मला शिकवा.”

“ताई, तुम्हाला पाणी...”

“धरा म्हणते ना! सोडलंत तर मात्र तुमची नखं कोण कापणार ते बघा.”

मास्तरांनी तिचा हात धरला. त्यांच्या कोपरावरचा चट्टा सगळ्यांना दिसत होता. तो तिच्या दंडाला घासत होता आणि ती त्यांचा हात आणखी घट्ट धरत होती. पायरी उतरली, दुसरी उतरली. पाणी गुडघ्याला लागल्यावर तिनं अशी किंकाळी फोडली, की पलीकडच्या रस्त्यावरच्या सायकली थांबल्या. कमरेला लागल्यावर तिनं मास्तरांच्या गळ्यालाच मिठी मारली.

“पाय हलवा,” मास्तर म्हणाले.

“कुणाचे?”

“तुमचे!”

“माझे कुठे आहेत ते दिसत नाहीत!”

काठावरची पोरं पोट धरून हसू लागली. मास्तरही हसले. कित्येक दिवसांनी त्यांचा पाण्यातला आवाज मोकळा झाला. “वर बघा, ताई. खाली नाही, वर बघा. मान वर ठेवली की माणूस तरंगतो.” आणि खरंच, मास्तरांच्या तळहातावर पाठ टेकून, जन्मभर खाली वाकलेली ती बाई आकाशाकडे बघत क्षणभर तरंगली.

“मलापण!” तेवढ्यात एक आवाज आला. बघतात तर सासूबाई, किटलीसकट, पायरीवर. नवरा मागून धावतोय, “अगं आई, थांब!” म्हातारी किटली त्याच्या हातात देऊन पाण्यात उतरली आणि गाऊ लागली. चाल जुनी, शब्द स्वतःचे:

डोकं तुझं पाहिलं, पाय तुझे धुतले,
मधल्या माणसाला, देवा, कुणी पुसले?

मागे ओढलेलं ते पोर आईच्या हातून निसटलं आणि धपकन पाण्यात पडलं. मग दुसरं, मग जवळजवळ सगळी. अध्यक्षीणबाईंनी मोजे काढून टाचा पाण्यात सोडल्या आणि तरुण शिक्षकाला म्हणाल्या, “शिट्टी मास्तरांना द्या. तुम्ही मोठ्यांचा वर्ग घ्या. तिथे दोन नवीन भरती झाल्या आहेत, आणि दोघी फार ओरडतात.”

दोन आया मात्र पोरांना घेऊन गेल्या तशा परत आल्या नाहीत. ज्याची त्याची भीती, तिला कानशीनं तासता येत नाही. मास्तर आता पाण्यातून निघाले की साध्या पाण्यानं अंग धुतात, मलम लावतात आणि नातीला खांद्यावर घेऊन घरी जातात. दुकानातली एक आडभिंत काढून टाकलीय. पाऊलताई पाय बघायच्या आधी म्हणते, “टोपी काढा, बाह्या वर करा.” नवं गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं, मग चहा येतो.

झाली गोष्ट. उठा आता, पायांना मुंग्या आल्या असतील. पण उंबरा ओलांडण्याआधी एक मागणं आहे. तुमच्या ओळखीतही कुणीतरी असेल, भर उन्हाळ्यात मोजे घालणारं, पूर्ण बाह्यांत हात लपवणारं, पाय खुर्चीखाली ओढून घेणारं. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा तेवढी त्याची आठवण ठेवा. आणि उद्या भेटलं, तर त्याचा हात जरा घट्ट धरा.